मित्राच्या श्रद्धेचा मी केलेला अनुवाद

माणसाने निवृत्त झाल्यावर आपला धंदा सोडावा. मी सोडला नाही, आणि त्यापायी एका भल्या माणसाला घर सोडावं लागलं.

माझा धंदा अनुवादाचा. जबलपूरच्या एका फॅक्टरीत, हिंदी कक्षात बसून, मी तीस वर्षं इंग्रजी परिपत्रकांची हिंदी केली. ती कोणी वाचत नसे, म्हणून नोकरी टिकली. एकदा धूम्रपान-निषेधाची पाटी मी इतकी संस्कृतप्रचुर लिहिली की कामगार तिच्याचखाली उभे राहून विडी ओढत. टूलरूमचा एक कारागीर माझ्या टेबलापाशी आला नि म्हणाला, "बाबू, यह किसके लिए लिखा है? दीवार के लिए?" मग त्यानं खडूनं पाटीखाली लिहिलं, यहाँ बीड़ी मत पियो. विड्या बंद झाल्या. आमची दोस्ती सुरू झाली.

तो मुसलमान, मी मराठी ब्राह्मण. तो मला 'बाबू' म्हणायचा, मी त्याला 'उस्ताद'. फॅक्टरीत नागपूरकडची इतकी माणसं की त्याला मराठी चांगली कळायची, आणि वेळ पडली तर बोलायचाही, टूलरूमची मराठी, वंगण लागलेली.

निवृत्तीनंतर उस्तादला घर हवं होतं. जुन्या मोहल्ल्यात तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि त्याच्या बायकोचे गुडघे गेले होते. आमच्या महाराजपूरच्या कॉलनीत मागच्या गल्लीतलं घर विकायला निघालं. मी म्हणालो, "घे डोळे मिटून. माझी माणसं आहेत सगळी." त्यानं खरंच डोळे मिटून घेतलं.

माझ्या माणसांनी काही केलं नाही. भांडण नाही, शिवी नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. सत्यनारायणाच्या प्रसादाची ताटली त्याचं फाटक टाळून पुढच्या घरी जायची. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन म्हणजे आमचे निवृत्त बँकवाले काका. उस्तादला ग्रुपमध्ये घ्या म्हटलं तर ते आठ महिने "बघतो" म्हणून राहिले होते. एकदा बागेत त्यांनी मला गाठून विचारलं, "काहून हो, तुम्हीच आणलं ना त्यांना?" मी म्हणालो, "हो." खरं तर पुढे बरंच काही म्हणायचं होतं. मी हवापाण्याबद्दल बोललो.

उस्तादच्या बायकोला मी भाभी म्हणतो. त्या एक दिवस म्हणाल्या, "भाईसाहब, वहाँ सीढ़ियाँ थीं, पर सीढ़ियों पर बात करने वाले भी थे." त्यांना परत जायचं होतं. उस्ताद त्यांना म्हणाला, "सर्दी निकल जाने दो. मार्च तक मन न लगा तो लौट चलेंगे." बोलला त्यांच्याशी, पण बघत माझ्याकडे होता.

आता मी स्वस्थ बसलो असतो तर? पण मला कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक दुर्घटनांचं पहिलं वाक्य हेच आहे.

नेपियर टाउनमध्ये आमच्या मराठी मंडळाची हिवाळ्यात चार दिवस व्याख्यानमाला असते. आमच्या कॉलनीतली सगळी मराठी घरं तिथं जातात, बँकवाले काका तर पहिल्या दिवशी शाल पांघरून जागा धरतात. मी ठरवलं, तिथं उस्तादचं व्याख्यान ठेवायचं. विषय, इस्लामच्या मूळ श्रद्धा. एकदा लोकांनी याला तासभर ऐकलं की झालं. ज्या माणसाचा विश्वास कशावर आहे हे ठाऊक असतं त्याला कोण घाबरतं?

मंडळाच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "विषय चांगला आहे. पण मराठीत."

"बाई, उस्ताद हिंदीत बोलेल. सगळ्यांना हिंदी येते. आपली नवी पोरं तर मराठीत 'अडुसष्ट' म्हटलं की मोबाईल काढून राहिली."

"म्हणूनच मराठीत. वर्षातून चार दिवस तरी कानावर पडू द्या. नियम आहे मंडळाचा. आणि तुम्ही आहात ना अनुवादक?"

मी छाती फुगवून हो म्हणालो. ज्या सभागृहात एकाही श्रोत्याला अनुवादाची गरज नव्हती, तिथं मी अनुवादक म्हणून नेमला गेलो. माझी सगळी नोकरी तशीच गेली होती, त्यामुळे मला यात काही खटकलं नाही.

रोज सकाळी उस्तादच्या व्हरांड्यात तयारी चालायची. त्यानं वहीत मुद्दे काढले होते. "छह बातें हैं, बाबू, जिन पर ईमान लाना है. एक अल्लाह, उसके फ़रिश्ते, उसकी किताबें, उसके पैग़ंबर, आख़िरत यानी हिसाब का दिन, और तक़दीर. सुन्नी ऐसे गिनते हैं. शिया भाई पाँच उसूल गिनते हैं. उसमें अल्लाह का इंसाफ़ अलग से आता है, और इमामों को मानना भी. पर जड़ सबकी एक है, तौहीद. अल्लाह एक है, उसका साझी कोई नहीं."

"म्हणजे आमचं अद्वैत!" मी वहीत लिहिलंसुद्धा.

"नहीं भाई. तू कहता है सब कुछ वही है. मैं कहता हूँ, बनाने वाला अलग, बनी हुई चीज़ अलग. मैं लेथ पर जॉब, यानी पुर्ज़ा, बनाता था. जॉब मैं नहीं था."

"अच्छा. पण ऐकायला सारखंच वाटते."

"तुझे लगता है, क्योंकि तू सुनता नहीं है."

आतून भाभी हसल्या. त्यांच्या घरात या बाबतीत वाद ऐकायची सवयच होती. भाभी दर गुरुवारी दर्ग्यावर जायच्या. नेहमी जेवायला येणाऱ्या त्यांच्या भावाला ते पसंत नव्हतं. तो म्हणायचा, मागायचं ते थेट अल्लाहकडे, मध्ये कोणी कशाला? भाभींचं उत्तर ठरलेलं. मी पीरबाबांकडे मागत नाही, पीरबाबांना म्हणते माझ्यासाठी तुम्हीही दुआ करा, तुमची जवळीक जास्त. "मेरे घर में ही दो जमातें हैं," उस्ताद म्हणाला, "बस रसोई एक है. तू यह भी बोलना मंच पर. लोग समझते हैं हम सब एक साँचे से निकले हैं."

मग त्यानं मला कलम्याचं वाक्य समजावलं, ज्यावर मुसलमान असणं उभं आहे. "इसका पहला लफ़्ज़ ही 'नहीं' है, बाबू. पूजने लायक़ कोई नहीं, सिवाय अल्लाह के. पहले इनकार, तब इक़रार. तू 'नहीं' को छोड़कर सीधे 'हाँ' पर मत कूदना."

"नाही कूदणार."

"और मीठा मत करना. तेरी आदत है. जो मैं बोलूँ, वही बोलना."

मी शपथ घेतली. कुणाची, ते सांगायची हिंमत नाही.

व्याख्यानाच्या दिवशी भाभींनी त्याच्या शेरवानीला इस्त्री केली होती. सभागृह भरलेलं. दीपप्रज्वलन आलं तेव्हा मला आठवलं, त्याबद्दल बाईंशी बोलायचं मी विसरलो होतो. समोर सरस्वतीची तसबीर, हातात मेणबत्ती. उस्तादनं शांतपणे ती मेणबत्ती बाईंच्या हातात दिली. "दीदी, आप जलाइए. हवा है, मैं आड़ करता हूँ." आणि समईभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरून उभा राहिला. कोणाला काही वाटलं नाही. बघा, माणूस स्वतःचं स्वतः किती नीट सांभाळत होता. त्याला माझी काही गरज नव्हती.

तो बोलू लागला. दोन-तीन वाक्यं तो, दोन-तीन मी. पहिल्या पाच मिनिटांत मी आज्ञाधारक होतो. अल्लाहला कोणी जन्म दिला नाही, त्यानं कोणाला जन्म दिला नाही, त्याच्यासारखं काही नाही, म्हणून त्याचं चित्र मनातही काढायचं नाही. जसंच्या तसं सांगितलं. सभागृह गप्प. तिसऱ्या रांगेत बँकवाले काका हाताची घडी घालून बसलेले. मला मार्च महिना दिसू लागला. मी हळूच जोडलं, "म्हणजे आपलं निर्गुण निराकार. हे तर आपल्या संतांनीही सांगितलं आहे."

माना डोलल्या. काकांची घडी सुटली.

बस, त्या डोलणाऱ्या मानांनी माझा घात केला. टाळी ही फार वाईट गोष्ट आहे, आणि मला तीस वर्षांत एकही मिळाली नव्हती.

उस्ताद म्हणाला, "पैग़ंबर इंसान थे. खाते थे, बाज़ार जाते थे, बीमार पड़ते थे. ख़ुदा का कोई हिस्सा उनमें नहीं था. हम उनकी इज़्ज़त करते हैं, उनकी इबादत नहीं करते."

मी म्हणालो, "थोडक्यात, अवतारी पुरुष." टाळ्या.

उस्तादनं माझ्याकडे पाहिलं. पुढे म्हणाला, "ज़िंदगी एक बार मिलती है. फिर एक दिन सब उठाए जाएँगे, और हर एक से पूछा जाएगा कि तूने क्या किया."

मी म्हणालो, "आपला कर्मसिद्धांत. पेराल तसं उगवेल." आणखी टाळ्या. उस्तादनं ग्लास उचलला, पाणी प्यायला, आणि ग्लास ठेवताना माझ्या कानाशी म्हणाला, "बाबू, वही बोल." मला वाटलं, लाजतोय.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. बँकवाले काकाच उठले. पण सूर चांगला होता, मोकळा. "फार छान वाटलं. मला एकच विचारायचं आहे. तुम्ही आमचे देव मानता ना?"

उस्ताद मग नीट, सावकाश म्हणाला, "भाईसाहब, मैं उन्हें पूजता नहीं हूँ. यह मैं झूठ नहीं बोलूँगा. पर दूसरे जिसे पूजते हों उसे बुरा कहना मेरे दीन में मना है. मैंने कभी नहीं कहा, और अपने घर में कहने नहीं दूँगा. आप अपने पर रहें, मैं अपने पर. पड़ोस में इतनी जगह है."

हे सगळ्यांना कळलं होतं. जबलपूरला हिंदी कोणाला कळत नाही? एका आजोबांनी मान हलवली, जणू म्हणाले, बरोबर आहे. माझं काम फक्त गप्प राहायचं होतं, किंवा तेच पुन्हा बोलायचं. पण काकांच्या कपाळावर एक आठी पडलेली मला दिसली. आणि माझ्या तोंडून आलं, "त्यांचं म्हणणं असं, की देव एकच, नावं वेगळी. वरवर जरी पूजा नसली तरी मनातून ते गणपतीलाही नमस्कारच करतात. आता जाहीरपणे सांगायचा संकोच, एवढंच."

सभागृह कडाडलं. काकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "वा!" म्हणालं.

"बाबू, थांब," उस्ताद मराठीत म्हणाला. माईक त्यानं माझ्या हातून घेतला. "मी असं नाही बोललो. मी नमस्कार नाही करत. अल्लाह सोडून कोणाच्याच पुढे माझी मान नाही वाकत. मनातून बी नाही. तुमच्या देवाला मी वाईट बी नाही बोलत. तुमची आरती चालू असते तवा मी टीव्हीचा आवाज कमी करतो. तेवढं मी करतो. अन् ते अवतार वगैरे, ते पण मी नाही बोललो."

एकही टाळी नाही.

मागून एक बाई म्हणाल्या, "अगं, आत्ता तर नमस्कार करतो म्हणाले होते!"

"पलटले," कोणीतरी म्हणालं.

"नमस्काराचं नाव काढलं तर एवढं झोंबलं?"

पाच मिनिटांपूर्वी जे उत्तर सरळ होतं, तेच आता दिलेला नमस्कार परत घेतल्यासारखं झालं होतं. आणि तो नमस्कार दिला होता मी. एक वाक्य पुरलं असतं: ते मी माझ्या मनानं जोडलं. माईक माझ्याकडे परत आला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं इथंच थांबवू या."

अध्यक्षबाईंनी शाल-श्रीफळ दिलं. उस्तादनं दोन्ही हातांनी घेतलं, आदाब केला. परतताना माझ्या स्कूटरवर तो मागे नारळ मांडीवर धरून बसला होता. मी बोलत होतो, की लोक असेच असतात, दोन दिवसांत विसरतील. अधारताल आलं. तिथं तो म्हणाला, "गाड़ी धीरे चला."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर चर्चा. कोणी लिहिलं, स्टेजवर एक, पोटात एक. कोणी लिहिलं, आपण कितीही जवळ गेलो तरी. मी खुलासा लिहायला बसलो. पाच मसुदे केले. शेवटी टाकला तो असा: 'कालच्या कार्यक्रमातील अनुवादात किंचित गैरसमज झाला असल्यास क्षमस्व.'

बायकोनं मोबाईल हातात घेऊन वाचलं. "किंचित काय? असल्यास काय? सरळ लिहा ना, मी खोटं बोललो."

"अगं, खोटं कसं? सौम्य केलं."

"त्यांनी मागितलं होतं का सौम्य?"

एवढ्यात बँकवाले काकांचं उत्तर आलं, हात जोडलेल्या चित्रासह. 'तुमची काय चूक? तुम्ही तर सांभाळून घेत होता.' त्याखाली नऊ अंगठे. मी तिथं लिहायला हवं होतं, 'नाही, सांभाळून तर तो घेत होता.' मी मोबाईल चार्जिंगला लावला. बॅटरी भरलेली होती.

तीन दिवसांनी उस्तादकडे गेलो. तो फाटकाला तेल देत होता. मी सुरुवात केली, "यार, नीयत अच्छी थी मेरी."

"नीयत अल्लाह देखेगा," तो म्हणाला. "कॉलोनी वालों ने तेरा तर्जुमा देखा."

मी मग तोंड पाडून, माझ्या मते फार शोभेलसं म्हणालो, "चलो, जो उसकी मर्ज़ी. तक़दीर."

तीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. "उस पर मत डाल! इतना भी नहीं समझा तू? हमारे आलिमों ने इस पर सदियों बहस की है. किसी ने कहा बंदा अपना काम ख़ुद पैदा करता है. किसी ने कहा पैदा अल्लाह करता है पर कमाता बंदा है. पर यह किसी ने नहीं कहा कि बाबू झूठ बोले और तक़दीर लिखने वाले का नाम ले ले. माइक तेरे हाथ में था. दो बार था."

दोनदा होता, हे त्यानं मोजलं होतं. भाभी दारात आल्या, मला चहा विचारला नाही, आणि आत गेल्या.

मार्च संपायच्या आत ते गेले. टेम्पोत सामान चढवताना मी एक कपाट धरायला गेलो. उस्ताद म्हणाला, "रहने दे, कमर में लगेगी." ते घर रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या एका माणसानं घेतलं. त्याचं नाव ग्रुपमध्ये त्याच संध्याकाळी आलं. प्रसादाची ताटली आता क्रमानं जाते, एकही फाटक टाळत नाही.

पावसाळ्यात मी त्याच्या जुन्या-नव्या घरी गेलो. दुसरा मजला, त्याच पायऱ्या. भाभी कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. मला बघून थांबल्या, वाट दिली. वर उस्तादनं बसायला सांगितलं. मी यावेळी घोकून गेलो होतो. किंचित नाही, असल्यास नाही. "मी खोटं बोललो. तुझ्या तोंडी घातलं. नंतरही गप्प बसलो. मला माफ कर."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाने दे यार.

"देख, बाबू. नमाज़ छूट जाए, रोज़ा टूट जाए, वह मेरे और अल्लाह के बीच की बात है. वह चाहे तो माफ़ कर दे. पर बंदे का हक़ बंदा ही माफ़ करता है. जिसका हक़ मारा, जब तक वह माफ़ न करे, हिसाब खड़ा रहता है. यह हमारे यहाँ छोटी बात नहीं है. इसलिए मैं यूँ ही मुँह से नहीं कह सकता."

"मग मी काय करू?"

"उसी हॉल में, उसी माइक पर, उन्हीं लोगों के सामने बोल दे. मराठी में. मुझे वह मोहल्ला वापस नहीं चाहिए. पर वहाँ लोग समझते हैं मैं ज़बान देकर पलटा. वह मैं नहीं हूँ."

मी वचन दिलं. या हिवाळ्याच्या व्याख्यानमालेचं पत्रक निघायच्या आधी मी अध्यक्षबाईंकडे गेलो. मला दहा मिनिटं हवीत म्हणालो, पाचही चालतील, आभार प्रदर्शनाच्या आधी.

बाई पत्रकाचं मुद्रितशोधन करत होत्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "काहून पुन्हा ते उकरून राहिले तुम्ही? लोक विसरले. चारही दिवसांचे वक्ते ठरले. झालं ते झालं."

मी आग्रह करू शकत होतो. सभासद आहे मी, वार्षिक सभेत उठून बोलू शकतो, प्रश्नोत्तरांत माईक मागू शकतो. मी म्हणालो, "ठीक आहे बाई, जशी मंडळाची सोय." आणि पायऱ्या उतरताना मला हायसं वाटलं. अगदी मोकळं, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं.

उस्तादला फोन करून मी सांगितलं की मंडळानं नकार दिला. हायसं वाटल्याचं सांगितलं नाही. तो "अच्छा" म्हणाला, आणि मी पुढे काही बोलेन म्हणून थोडा वेळ फोन धरून थांबला.